ढिगावरचं नाक

"चढा नाना, चढा! का नुसतं नाकच पाठवताय वर?"

मुकादम खालून बोंबलत होता आणि नाना खताच्या ढिगावर अर्ध्या वाटेत चार पायांवर उभा होता. दोन हात, दोन गुडघे, तोंड उघडं, आणि छातीतून असा सूर निघत होता की वाटावं, भजनी मंडळाची पेटी कुणीतरी पायाखाली घेतलीय.

"शिट्टी मारू नका ओ, गाडी सुटायची!" मुकादमाने आणखी एक फेकली, आणि आम्ही चाळणीवरच्या सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून हसलो. ढीग काही सप्तशृंगीचा गड नव्हता. माझ्या सांगण्यात तो दरवेळी थोडा वाढतो, पण खरं विचाराल तर एकावर एक दोन माणसं उभी केली की संपला. नाना पूर्वी त्याच्यावर असा चढायचा की बकरीने बघून शिकावं. त्या सकाळी मात्र तो मध्येच टेकला, पुन्हा चढला, पुन्हा टेकला, आणि एकदाचा वर पोचला.

वर गेल्यावर त्याने बाही सारली, हात खांद्यापर्यंत ढिगात घातला आणि आतलं वाफाळतं खत मुठीत धरून बाहेर काढलं. मूठ नाकाला लावली. एक खोल श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला खोकला आला, आणि तो असा लांबला की चाळणीवाल्याने मशीन बंद करून तंबाखू मळली, दाढेखाली धरली, थुंकून टाकली, तरी नाना खोकतच होता. शेवटी डोळे पुसत त्याने हात वर केला. तोंडाने काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण हात वर म्हणजे 'पिकलं' हे ठरलेलं होतं. मशीन धडधडलं. ढीग फुटला. नाना अजून त्याच्यावरच बसलेला होता, त्याला उतरायला वेळ द्यावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमचा कारखाना खताचा. नाशिक शहर संपून दिंडोरीकडे जायला लागलं की डाव्या हाताला, डोळे मिटले तरी चुकायचा नाही. हंगामात वायनऱ्यांमधून द्राक्षाचा चोथा यायचा, मार्केटातून सडका कांदा, आणि बारा महिने शहराचा ओला कचरा. इंदिरानगरची गाडी आली की आम्ही बायका तिच्यावर आधी पडायचो, कारण तिथली माणसं शिकलेली, ती अन्न नासायच्या आधीच फेकतात. एकदा अख्खी पुरणपोळी सापडली, तुपाच्या वाटीसकट, वर तुळशीचं पान. तुळशीचं पान मी आत्ता घातलं, पण पोळी खरी.

हे सगळं मिसळून लांबच लांब ढीग लावायचे. ढीग आतून तापतो. थंडीत सकाळी ढिगांच्या रांगा अशा वाफाळायच्या की वाटावं कुंभमेळ्याचा सगळा स्वयंपाक आमच्याकडेच चालू आहे. आणि मशीनने ढीग उलटवला की राखाडी धूर उठायचा. धूर नव्हेच तो, भुकटी. गिरणीत पीठ उडतं तशी, पण पीठ खाली बसतं, ही बसायची नाही. उन्हात तरंगत राहायची, चमकायची. संध्याकाळी मी घरी गेले की माझी सासू आधी मला अंगणात उभी करून केरसुणीने झोडायची. ती म्हणायची, धूळ झटकते. केरसुणीचा दांडा मध्येमध्ये का लागायचा ते तिलाच ठाऊक.

ढीग फोडला की आत एक पांढुरका थर दिसायचा, राख शिंपडावी तसा. आम्ही त्याला भस्म म्हणायचो. भस्म धरलं म्हणजे ढिगाची तपश्चर्या पुरी झाली, अशी आमची पक्की समजूत. आता मला कळतं की ती बुरशी. पण बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती, हिरवी, फेकून द्यायची. ही पांढरी, गरम, वाफेतून निघालेली, हिला बुरशी म्हणायची हिंमत कोण करील? नाना तर वर चढला की आधी बोटभर भस्म कपाळाला लावायचा आणि मग हुंगायचा. हुंगायचा तोही नेमका त्या थरातला. तिथला वास खरा, म्हणायचा.

कारण आमच्याकडे नियम होता. नानाच्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही ढीग चाळणीवर जायचा नाही. बाकीचे कारखानदार खताचा नमुना तपासायला पाठवायचे. आमचे शेठ म्हणायचे, "आपली लॅब पायांनी चालत येते." दसऱ्याला मशीनला हार, फावड्यांना हळदकुंकू आणि नानाच्या नाकाला टिळा. शेठ स्वतःच्या हाताने लावायचे. नाना डोळे मिटून, हनुवटी वर करून उभा राहायचा, आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचा नाही.

तो मूळचा नामपूरचा, कांद्याच्या मुलखातला, आणि बढाई अशी की कांदाही लाजेल. कांदा चिरताना डोळ्यांत टिपूस नाही, वर आपल्या अहिराणीत सांगायचा, "मना नाक शे हे, लेकरू नई शे रडाले." सांगायचा की नाशिकला एसटीतून उतरल्यावर त्याला नामपूरला घरी आज कशाला फोडणी दिलीय ते कळतं. एकदा मुठीतलं खत हुंगून म्हणाला, यात मुकादमाच्या घरची करपेल भेंडी शे. मुकादमाने घरी फोन लावला. भेंडी करपली होती. मी स्वतः ऐकलं, म्हणजे मुकादमाच्या शिव्या ऐकल्या. चुकायचा नाही असं नाही. एकदा त्याने हात वर केलेला ढीग आतून कच्चा निघाला आणि एका बागाईतदाराची द्राक्षाची नवी रोपं करपली. नाना जराही हलला नाही. म्हणाला, "रोपंच कच्ची शेतस."

तर असा माणूस ढिगावर चार पायांवर आला, तेव्हा आम्हाला हसू येणं साहजिक होतं. फार दिवस देवासारखा वागलेला माणूस गुडघ्यावर आला की लोकांना बरं वाटतं. कुणी नाही म्हणू नये.

नानाला स्वतःला काय हवं होतं ते त्याने लपवलं नाही. फाटकाजवळ वजनकाट्याची केबिन होती. चारी बाजूंनी काच, दाराला रबराची पट्टी, आत पंखा आणि खुर्ची. सगळा कारखाना राखाडी, फक्त त्या काचा पुसलेल्या. काट्यावरचा माणूस गावी निघून गेला होता, खुर्ची रिकामी होती, गाडी आली की मुकादम धावत जाऊन वजन करून यायचा. नाना शेठसमोर उभा राहिला. म्हणाला, शेठ, ढिगाजवळ गेलं की दम लागस, माले काट्यावर बसवा.

शेठ गोड माणूस. त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

"बसा की नाना. तुमच्या नाकाच्या जागी माणूस द्या आणि बसा."

नाना त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे आला. डबे उघडे होते. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, वास घ्याले कोन तयार शे? मी आयुष्यात इतकी नाकं एकाच वेळी आजारी पडलेली पाहिली नाहीत. एकीला जन्मापासून सर्दी. एक म्हणाली, माझं नाक डावीकडून टोचलंय, अर्धा वास तिथूनच गळतो. जेसीबीवाला म्हणाला, आमच्यात चालत नाही. कशात चालत नाही, हे त्यालाही सांगता येईना. मी म्हटलं, नाना, मला वास येतो पण तो खाली तोंडापर्यंत पोचत नाही, सांगणार कशी? सगळे हसले. नानाही हसला, मग खोकला, मग डबा न उघडताच उठून गेला.

त्याने एकदा तोंडाला मास्क बांधून बघितला. मुकादमाने ढिगाखालीच अडवला.

"नाकाला मास्क? आंधळी कोशिंबीर खेळतो काय? डोळे बांधून कुनी दाढी करतं का, नाना?"

"मंग दम लागस ना!"

"दम समद्यांनाच लागतो. काम करनाऱ्याला लय लागतो."

मास्क खिशात गेला.

आता ऐका, त्याचा खरा घात कुठे झाला ते. त्याचा दम सोमवारचा होता. सोमवारी कामावर आला की दुपारी छाती आवळायची, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा, दोन गोधड्या घेऊन कुडकुडायचा. आठवडाभर हेच. शनिवारी रात्रीच्या गाडीने नामपूरला गेला की रविवारी माणूस ठणठणीत. मळ्यात फिरायचा, विहिरीवर आंघोळ करायचा. आणि सोमवारी परत पेटी पायाखाली. मुकादमाचा एक पाहुणा त्याच भागातला. त्याने येऊन सांगितलं की तुमचा तो दमेकरी काल कांद्याची गोणी पाठीवर घेऊन कांदे साठवायच्या चाळीत चढत होता, आणि वर गाणं म्हणत होता. गाणं बहुधा पाहुण्याने घातलं. मीही घातलं असतं.

मुकादमाला हर्षवायू व्हायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने पंचायत भरवली. पिंप उलटं घालून त्यावर बसला.

"सुट्टीला बरा, कामाला आजारी! आरं, मानसाचा रोग रविवार बघून सुट्टी घेतो का? टीबी घेतो? मलेरिया घेतो? ह्यो रोग नाय, ही नोकरी हाय सरकारी!"

"मी खोटं नई बोलत," नाना म्हणाला.

"छाती बोलते का मंग? नामपूरला गप, हितं बोलते?"

तेव्हापासून नानाला नाव पडलं, रविवारचा पहिलवान. चाळणीवरच्या एकीने त्यावर ओवी जुळवली, आणि नाना फाटकातून आला की ती गळा काढायची. आमचा दिवस त्यानेच सुरू व्हायचा. आणि मुकादमाचं म्हणणं आम्हाला पटलेलं होतं, हेही सांगते. पटण्यासारखंच होतं. आमच्या घराण्यात जे जे दमेकरी झाले ते सणावाराला अधिक खोकले, पाहुणे आले की तर फारच. सुट्टीत बरा होणारा आजार आम्ही कुणी पाहिलेला नव्हता.

नानाने हे मनाला इतकं लावून घेतलं की तो गावी गेला तरी खोकू लागला. म्हणजे खोटं. मुकादमाचा पाहुणा दिसला, की मळ्याच्या बांधावर बसून, छाती धरून, डोळे पांढरे करून खोकायचा. त्याच्या बायकोनेच मला फोनवर सांगितलं, "बाई, आठे काय नाटक लायेल शे त्यानी?" रविवारी खोटा खोकला, सोमवारी खरा, आणि आमचा विश्वास दोन्हीवर नाही. नाटककंपनीत असता तर निदान टाळ्या पडल्या असत्या.

अशातच त्याला कुणीतरी छातीच्या डॉक्टरांकडे धाडला. फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला नाही. नाना परत आला तो छाती फुगवून. फुगेल तेवढी. आम्ही डबे घेऊन भोवती बसलो आणि त्याने सांगितलं की डॉक्टर लई हुशार शे, पन मी त्याना बाप शे.

"का हो नाना, काय केलंत?"

"गोड बोलता बोलता माले इचारस, सुट्टीमा बरं वाटस का? गावाले गेलं की दम कमी व्हस का?" नानाने एक डोळा बारीक केला. "मी लगेच वळखलं. मुकादमना मानूस! मी सांगं, नई साहेब. सुट्टीमा बी तसंच. रातदिन तसंच. एक दिवस फरक पडत नई."

आम्ही टाळ्या दिल्या. शाबास नाना, म्हटलं. मुकादमाचं डोकं दवाखान्यापर्यंत पोचलं होतं आणि नानाने ते तिथेच ठेचलं, असंच सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी पुढे विचारलं होतं की काम काय करता, तर तेही याने खतकारखान्यात 'तपासणी अधिकारी' असं सांगितलं. डॉक्टरांना वाटलं असेल टेबलखुर्ची असेल. त्यांनी दम्याचा पंप लिहून दिला. नाना ढिगावर चढायच्या आधी पंप तोंडात मारायचा, मग मूठ नाकाला लावायचा. मुकादम म्हणायचा, "आधी शंख फुका, मंग पूजा करा." पंपाने तेवढंच व्हायचं की तो तीन श्वास खोकल्यावाचून घेऊ शकायचा. म्हणजे भस्म जरा जास्तच आत जायचं.

उन्हाळा आला. चोथा वाळला, ढीग वाळले, भुकटी अशी उडायला लागली की जेसीबीवाला दुपारी दिवे लावायचा. नाना बारीक झाला. त्याच्या सदऱ्याची वरची बटणं लावलेली असली तरी आतून मूठ सहज फिरेल इतका गळा सुटला. आता त्याला शनिवारची गाडी पकडायला स्टँडवर चालत जातानाही थांबावं लागायचं. आणि आम्ही? आम्ही पैजा लावायचो की आज वर पोचायला किती वेळा टेकेल. जिंकणारीला दुसरीच्या डब्यातलं लोणचं.

मग एक मॅडम आल्या. कुठल्याशा कॉलेजातल्या डॉक्टर, हवा तपासणाऱ्या. येणार हे आदल्या दिवशी कळलं, तेव्हा मुकादमाने रीतीप्रमाणे सगळ्या ढिगांवर टँकरने पाणी मारलं आणि मशीनला सुट्टी दिली. बाहेरचं कुणी यायचं असलं की आमचा कारखाना असा न्हाऊन बसायचा, बघायला आलेल्या मुलीसारखा. धूळ म्हणून नावाला नाही. मॅडमनी चौफेर बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, मी उद्या परत येते, न सांगता. सांगितलं कशाला मग, ते मला कळलं नाही, पण त्या उद्या आल्या नाहीत, परवा आल्या, आणि तेव्हा ढीग कोरडा होता, मशीन चालू होतं आणि नाना वर होता.

त्यांनी नानाच्या कंबरेला एक छोटं यंत्र बांधलं, त्याची नळी सदऱ्याच्या कॉलरला अडकवली. तो ज्या हवेत श्वास घेतो त्याच हवेतली चिमूट ते यंत्र ओढून घेणार. नाना दिवसभर असा चालला, जणू कंबरेला तलवार आहे. आम्ही विचारलं, नवरदेव, घोडा कुठाय? तो म्हणाला, तुमले नई कळनार.

मॅडम काही दिवसांनी परत आल्या त्या गोल, चपट्या काचेच्या झाकणबंद ताटल्या घेऊन. शेठच्या ऑफिसपुढच्या ओट्यावर त्यांनी त्या मांडल्या. ताटलीत कुठे मोकळी जागा नाही. राखाडी, हिरवी, मखमल लावल्यासारखी लव. काहीतरी उबवून ठेवल्यासारखं.

"नाना, हे तुमच्या कॉलरजवळच्या हवेत होतं," मॅडम म्हणाल्या. "बुरशीची बीजं. डोळ्याला दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात."

नानाने ताटली हातात घेऊन कौतुकाने फिरवली. "बघा," आम्हाला म्हणाला, "मना नाकनं पीक."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला पाठमोरं बसवलं आणि छातीची नळी पाठीला लावली. बराच वेळ ऐकलं. मग मला खुणेने बोलावून नळी माझ्या कानाला लावली, का कुणास ठाऊक, मी जवळ होते म्हणून. आतून आवाज येत होता, मुलांच्या चपलेचा चिकटपट्टा हळूहळू उचकटावा तसा. प्रत्येक श्वासाला एकेक पट्टा.

"सुट्टीत बरं वाटतं का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

ओट्याभोवती सगळे उभे होते. मुकादम हाताची घडी घालून पुढेच होता. नानाने त्याच्याकडे बघितलं.

"नई," नाना म्हणाला. "सुट्टीमा बी तसंच."

मॅडमनी मान हलवली. "मग मी खात्रीने काही सांगू शकणार नाही. सुट्टीत बरं वाटत असतं, तर मी म्हटलं असतं की हे ह्या भुकटीनेच होतंय. घरी गेलं, हवा बदलली की छाती निवते. परत आलं की पुन्हा चिडते. ह्या रोगाची तीच खूण. सुरुवातीलाच कळलं तर माणूस वाचतो, फक्त भुकटीपासून लांब ठेवायचा. फार दिवस गेले की छाती आतून कडक होत जाते, मग सुट्टीनेही उपयोग नाही."

मी नानाचं तोंड बघत होते. थापा मारणाऱ्याच्या तोंडावरून थाप उतरताना मला लगेच कळतं, माझाही तोच धंदा आहे.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "मी खोटं सांगं. सुट्टीमा माले बरं वाटस. पहिलेपासून बरं वाटस. आठे दम लागस, तठे नई लागत. आता थोडा तठे बी लागस, पन पहिले नई लागे."

"बघा!" मुकादमाने जोरात टाळी वाजवली. "कबूल केलं! शेवटी कबूल केलं! मी काय म्हनत होतो?"

आणि सगळे हसले. खरंच हसले, मॅडमच्या समोर, ताटल्यांच्या समोर. नानाला हे कळेना की त्याने आत्ता खटला जिंकला की हरला. तो दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

मॅडम शेठशी बोलल्या. आम्ही दारातच होतो, सगळं ऐकलं. याला आजपासून ढिगावर पाठवू नका, वास तर अजिबात घेऊ देऊ नका, काचेच्या केबिनमध्ये बसवा, ती जागा रिकामी दिसते. वास घ्यायची पद्धतच बंद करा. भुकटी उडेल तिथे पाणी मारा, सगळ्यांना चांगले मास्क द्या. शेठनी प्रत्येक वाक्याला हो म्हटलं. चहा मागवला. म्हणाले, नाना आमच्या घरातला माणूस. मॅडमना त्यांनी फाटकापर्यंत सोडलं आणि वाटेत केबिनचं दार उघडून पंखा लावूनही दाखवला.

नानाने त्या संध्याकाळी अंगावरचे कपडे कारखान्याच्या नळावर धुतले. सकाळी आला तो पांढऱ्या पायजम्यात, पांढऱ्या टोपीत, टोपीला कड. कपाळ स्वच्छ. डब्यात स्वतः रांधलेला शिरा होता, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा. फाटकातून आत आला, केबिनच्या दाराला हात घातला, तर वॉचमन म्हणाला, "नाना, आत नाय जायचं. शेठ बोललेत, नाना सुट्टीवर."

"किती दिवस?"

"ते नाय बोलले. सुट्टीत बरं वाटतं म्हने तुम्हाला."

नाना तिथेच काचेला हात लावून उभा राहिला. आत पंखा फिरत होता. खुर्ची रिकामी होती. फाटकापासून केबिनपर्यंत चालल्यानेच त्याचा श्वास वर गेला होता, काचेवर वाफ धरत होती, तो ती बाहीने पुसत होता, आणि पुन्हा धरत होती. मग त्याने शिऱ्याचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, वाटून दे समद्यास्ले." आणि गेला. स्टँडच्या वाटेला दोनदा टेकताना दिसला, पुढे वळण आहे.

आतून मुकादम ओरडला, की ढीग तयार आहे, चाळणी बंद का?

मी डबा घेऊन तशीच शेठच्या ऑफिसात घुसले. त्यांच्या टेबलावरची काच थरथरली असेल असं ओरडले. म्हटलं, शेठ, त्या माणसाने तुमच्यासाठी अख्ख्या नाशिकचा कचरा नाकाने गाळला. त्याच्या नाकाला टिळा लावलात, आणि छाती फाटली तेव्हा फाटकाबाहेर? ती खुर्ची काय तुमच्या खापरपणजोबांना नैवेद्य ठेवलीय? पंखा कुणाला वारा घालतोय, काचेला? मॅडमपुढे हो हो म्हणताना मान मोडली नाही तुमची? म्हटलं, त्याच्या छातीतला आवाज मी ऐकलाय, तुम्ही ऐकला असता तर आज तुमच्या घशाखाली चहा उतरला नसता. एका दमात बोलले. मध्ये कुठे थांबले नाही. बाहेर चाळणीवरच्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या, जेसीबीवाला खाली उतरला.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. कप बशीत ठेवला.

"छाती चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "आजपासून वास तुम्ही घ्या."